पाटाच्या पाण्यापासून प्रकाशाच्या द्रवापर्यंत: लॅपटॉपवर कृष्णविवराचं क्षितिज कसं उभारायचं

धुळे जिल्ह्यातल्या पांझरेच्या काठी फडाची शेती (बंधाऱ्याच्या पाण्यावर गावाने मिळून केलेली) अजून जिथे टिकून आहे, तिथे रब्बीच्या पाळीला पाटाला पाणी सुटलं की मी विद्यार्थ्यांना घेऊन जातो. बंधाऱ्यातून निघालेला पाट आधी खोल आणि संथ असतो. तिथे खडा टाकला की तरंग गोल उठतो. त्याचा एक भाग वर बंधाऱ्याकडे सरकतो, दुसरा खाली. थोडं पुढे उताराची फरशी लागते. पाणी पातळ होतं आणि धावायला लागतं. त्या फरशीवर खडा टाका. तरंग उठतो, पण त्याचा वरचा काठ वर चढतच नाही, सगळाच्या सगळा खाली वाहून जातो. पाटकरी मामा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "पानी जोरमा शे, लाट मांगे येवाव नही." कृष्णविवराचं क्षितिज म्हणजे अशी सीमा, जी ओलांडल्यावर प्रकाशही परत येत नाही; तिची याहून नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

१९८१ साली भौतिकशास्त्रज्ञ विल्यम उनरू यांनी हेच गणितात मांडलं. प्रवाहाचा वेग जिथे लाटेच्या वेगाएवढा होतो, तिथून पुढची लाट मागे येऊ शकत नाही. त्या लाटांचं समीकरण लिहिलं, तर ते वक्र अवकाशकाळातल्या क्षेत्राच्या समीकरणासारखंच निघतं. १९७४ मध्ये हॉकिंग यांनी दाखवलं होतं की क्षितिजापाशी क्वांटम क्षेत्रातून किरणोत्सर्ग व्हायला हवा. पण सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं तापमान येतं जेमतेम ०.०००००००६ केल्विन, आणि आकाशात सगळीकडे २.७ केल्विनचं पार्श्वप्रारण भरलेलं आहे. दुर्बिणीतून ते दिसण्याची आशा नाही. प्रवाहातल्या क्षितिजापाशी मात्र तीच प्रक्रिया तपासता येते.

हा लेख बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या किंवा एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यासाठी आहे, आणि अशा शिक्षकासाठी आहे ज्याच्या महाविद्यालयात लेसरची प्रयोगशाळा नाही, पण एक लॅपटॉप आहे. पाट, परात आणि पायथन एवढं पुरतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपण दोनच वेग मोजणार आहोत: प्रवाहाचा आणि लाटेचा.

पहिली पायरी: पाट

फरशीच्या वर आणि फरशीवर तीन-तीन मीटरचं अंतर आखा. कडुनिंबाचं पान सोडा आणि मोबाइलच्या घड्याळावर वेळ घ्या. फूटपट्टीने खोली मोजा. उथळ पाण्यातल्या लांब लाटेचा वेग म्हणजे ९.८ गुणिले मीटरमधली खोली, त्याचं वर्गमूळ. समजा वर खोली ३० सेंटिमीटर आहे आणि पानाला तीन मीटरला १० सेकंद लागले: प्रवाह सेकंदाला ०.३ मीटर, लाट १.७ मीटर. फरशीवर खोली ६ सेंटिमीटर आणि वेळ २ सेकंद: प्रवाह १.५, लाट ०.७७. म्हणजे मधे कुठेतरी दोन्ही सारखे झाले असणार. पाटाची रुंदी तीच असेल तर ही जागा गणिताने काढता येते. खोली साधारण साडेनऊ सेंटिमीटर होते तिथे दोन्ही वेग सेकंदाला ०.९६ मीटर. क्षितिज तिथे आहे. आधी कागदावर जागा काढा, मग खडे टाकत टाकत तिथवर या.

एक गोष्ट डोळ्यांत भरेल. अगदी बारीक सुरकुत्या या हिशेबात बसत नाहीत. त्या लांब लाटांपेक्षा जोरात पळतात आणि कधीकधी थोड्या वर चढलेल्या दिसतात. हे वहीत लिहून ठेवा. प्रकाशाच्या द्रवात नेमकं हेच पुन्हा भेटणार आहे.

पाट जवळ नसेल तर स्टीलची परात नळाखाली ठेवा. पाण्याची बारीक, न तुटणारी धार सोडली की मधे पातळ गोल चकती आणि भोवती पाण्याचं जाड कडं तयार होतं. चकतीत आगपेटीची काडी टेकवली की काडीमागे पाचरीसारखी रेघ पडते, म्हणजे तिथे प्रवाह लाटेहून वेगवान आहे. कड्याबाहेर ती पाचर नाहीशी होते. इथे बाहेरची लाट आत शिरू शकत नाही, म्हणून हे श्वेतविवर, कृष्णविवराचं उलटं रूप.

मग प्रकाशच का?

पाण्यात क्वांटम काही दिसत नाही; खोलीच्या तापमानाची खळबळ सगळं झाकून टाकते. तरी पाण्याने बरंच शिकवलं. २०११ मध्ये व्हँकुव्हरच्या गटाने पाण्याच्या टाकीत, बाहेरून लाट देऊन, हॉकिंग प्रक्रियेचं अभिजात (क्वांटम नसलेलं) रूप मोजलं. इस्रायलमधल्या टेक्निऑन संस्थेत जेफ स्टाइनहॉअर यांनी रुबिडियमच्या अतिशीत अणूंचा प्रवाह वापरला, आणि २०१६ मध्ये क्षितिजाच्या दोन बाजूंच्या लहरींमधला संबंध मांडला. तिथलं हॉकिंग तापमान एका नॅनोकेल्विनच्या आसपास आहे. इतकी थंडी सांभाळणं किती कठीण, हे सांगायला नको.

प्रकाशाचा द्रव हा तिसरा मार्ग. एरवी दोन प्रकाशकण एकमेकांना ढकलत नाहीत. दोन टॉर्चचे झोत एकमेकांतून सरळ निघून जातात. पण गॅलियम आर्सेनाइडच्या पातळ थरांभोवती दोन उत्तम आरसे उभारून त्यांत प्रकाश कोंडला, तर तो पदार्थातल्या एक्सायटॉनशी, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा यांच्या जोडीशी, एकजीव होतो. या मिश्र कणाला पोलॅरिटॉन म्हणतात. प्रकाशाकडून त्याला अतिशय हलकं वस्तुमान मिळतं, इलेक्ट्रॉनच्या दहा हजारांश भागाहूनही कमी. एक्सायटॉनकडून एकमेकांना ढकलण्याचा गुण येतो. ढकलणं आलं की दाब आला, दाब आला की ध्वनी आला. ४ केल्विनच्या आसपास थंड केलेल्या नमुन्यावर लेसर टाकला की हा द्रव आडवा वाहू लागतो.

यातली सर्वांत सुंदर सोय अशी की पोलॅरिटॉन काही पिकोसेकंदांतच (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) मरतो आणि मरताना आरशातून प्रकाश बनून बाहेर पडतो. त्यामुळे द्रवाची घनता कॅमेऱ्यात थेट दिसते, आणि दुसऱ्या झोताशी व्यतिकरण केलं की कला (फेज) दिसते, आणि तिच्या उतारावरून वेगही. वाहत्या पाण्याला प्रत्येक थेंबाचा वेग सांगायला लावण्यासारखं आहे हे. असं ध्वनिक्षितिज २०१५ मध्ये फ्रान्समध्ये उभं राहिलं. २०२५ मध्ये पॅरिसच्या कास्लर-ब्रोसेल प्रयोगशाळेच्या गटाने लेसरची कला हवी तशी घडवून तीव्र आणि सौम्य अशी दोन्ही क्षितिजं उभी केली, आणि प्रवाह ध्वनीहून वेगवान असलेल्या भागात ऋण ऊर्जेच्या लहरी मोजल्या. हॉकिंग प्रक्रियेचं भांडवल याच ऋण लहरी आहेत: एक कण बाहेर पळतो, त्याचा जोडीदार ऋण ऊर्जा घेऊन आत वाहून जातो, आणि हिशेब शून्याचा शून्य राहतो.

दुसरी पायरी: समीकरण आणि जाळी

आपण आधी मरण नसलेला, एका मितीतला द्रव घेऊ. त्याचं समीकरण म्हणजे श्रोडिंगरचं समीकरण, त्यात घनतेला गुणणारं एक जास्तीचं पद. त्या गुणकाला मी 'जोर' म्हणतो. एकक असं घ्या की कणाचं वस्तुमान, सरासरी घनता, जोर आणि प्लांकचा लघुस्थिरांक सगळे १. मग ध्वनिवेग म्हणजे जोराचं वर्गमूळ, म्हणजे १. लांबीचं एककही आपोआप ठरतं: घनतेला खड्डा पडला तर ती साधारण जेवढ्या अंतरात सावरते, तेवढं.

जाळीला २०४८ बिंदू, दोन बिंदूंत ०.२ अंतर. एकूण लांबी ४०९.६, उणे २०४.८ पासून अधिक २०४.८ पर्यंत. वेळेची पायरी ०.०१. ही मनाने ठरवू नका. ०.२ चा वर्ग गुणिले २, भागिले पाय केलं की ०.०२५ येतं, पायरी त्याच्या आतच हवी, नाहीतर बारीक लहरी खोट्या वाढू लागतात.

पद्धत विभाजित पायरीची. अर्धी पायरी जोराची आणि बाह्य विभवाची (पोटेन्शियलची): तरंगफलाला (वेव्ह फंक्शनला) त्यांच्या कलेने गुणा. मग एफएफटी (जलद फूरिए रूपांतर) करून तरंगांकाच्या, म्हणजे लहर किती आखूड आहे ते सांगणाऱ्या संख्येच्या, जगात जा आणि गतिज ऊर्जेची पूर्ण पायरी द्या. परत या, आणि जोराची उरलेली अर्धी पायरी. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीत हे सगळं वीसेक ओळींत बसतं. तरंगांकांची यादी स्वतः बनवू नका, नमपायचीच वापरा. तिचा क्रम शून्य, धन, मग ऋण असा असतो, आणि हाताने बनवताना हमखास चूक होते.

तिसरी पायरी: उत्तर माहीत असलेला प्रश्न आधी विचारा

ही पायरी विद्यार्थी टाळतात. टाळू नका.

प्रवाह नाही, सगळीकडे घनता १. त्यावर एक टक्क्याची साधी लहर द्या, जाळीत बरोबर ६५ वेळा बसणारी. तिचा तरंगांक येतो ०.९९७. बोगोल्युबॉव्ह यांच्या १९४७ च्या सूत्रानुसार वारंवारतेचा वर्ग म्हणजे तरंगांकाचा वर्ग, अधिक तरंगांकाच्या चौथ्या घाताचा चतुर्थांश. वारंवारता निघते १.११४ आणि आवर्तकाळ ५.६४. तुमच्या आलेखावर ती लहर ५.६४ वेळेला जागेवर परत यायला हवी. वेगळी वेळ आली तर कुठेतरी २ चा भागाकार चुकला असण्याची शक्यता आहे.

सूत्राचं दुसरं पद म्हणजेच पाटातल्या त्या बारीक सुरकुत्या. लांब लहरी ध्वनिवेगाने जातात, आखूड लहरी त्याहून जोरात. २०१८ मध्ये गरम रुबिडियमच्या वाफेतून लेसर पाठवून प्रकाशाच्या द्रवात हे वक्र प्रत्यक्ष मोजलं गेलं आहे. म्हणजे तुम्ही संगणकात जे तपासताय, ते प्रयोगात खरं ठरलेलं आहे.

एकूण कणसंख्या स्थिर राहिली म्हणून समाधान मानू नका. या पद्धतीत पायरी कितीही चुकीची घेतली तरी कणसंख्या स्थिरच राहते. ऊर्जा तपासा, आणि पायरी निम्मी केल्यावर ऊर्जेतली चूक साधारण चौपट कमी होते का ते पाहा.

चौथी पायरी: क्षितिज

आता प्रवाह. तरंगफलाला एकसारखी वाढती कला दिली की द्रव वाहू लागतो. आपल्याला वेग ०.७५ हवाय, पण जाळीचं एक टोक दुसऱ्याला जोडलेलं आहे, म्हणून कला टोकाला बरोबर जुळायला हवी. ४९ पूर्ण फेरे घेतले की वेग ०.७५१७ मिळतो. तोच वापरा. मी पहिल्यांदा सरळ ०.७५ टाकलं होतं. टोकाला कलेची पायरी तुटली, तिथून लहरींचा एक झुबका निघाला, आणि दोन दिवस मी त्यालाच हॉकिंग किरणोत्सर्ग समजून चित्रं जमवत बसलो. तिसऱ्या दिवशी क्षितिज काढून टाकलं तरी झुबका तसाच दिसला, तेव्हा कळलं.

क्षितिज उभारायची एक देखणी युक्ती आहे. घनता आणि प्रवाहवेग कुठेच बदलू नका, फक्त ध्वनिवेग बदला. डावीकडे ध्वनिवेग १, उजवीकडे ०.५, मधे टॅनएच वक्राने सावकाश उतरणारा: ०.७५ वजा ०.२५ गुणिले टॅनएच, ज्याच्या आत अंतर भागिले रुंदी. रुंदी २ घ्या. जोर म्हणजे ध्वनिवेगाचा वर्ग. बाह्य विभव म्हणजे १ वजा जोर. दोन्हींची बेरीज सगळीकडे १ राहते, त्यामुळे द्रवाला काही बदललंय हे कळतच नाही. तो सपाट वाहत राहतो. कळतं ते फक्त त्यावरच्या लहरींना. डावीकडे प्रवाह ध्वनीहून मंद, उजवीकडे ध्वनीहून वेगवान, आणि शून्यापाशी क्षितिज.

जोर जाळीच्या टोकाशी पुन्हा १ वर आणावा लागतो. तिथे नको असलेलं श्वेतविवर तयार होतं. त्याला काढता येत नाही, पण ते २०० एकक दूर आहे. वेळ १०० ला थांबलात तर त्याच्या लांब लहरी क्षितिजापर्यंत पोहोचत नाहीत. जास्त वेळ चालवलंत तर दोन क्षितिजांमधे लहरी अडकून वाढत जातात. तो स्वतंत्र आणि मोठा विषय आहे, आज नको.

तपासणी पाटासारखीच, दोन खडे टाकून. उणे ३० वर आणि अधिक ३० वर घनतेला एक टक्क्याचा, रुंदी ५ चा उंचवटा द्या. प्रत्येकाचे दोन तुकडे होतात. वेळ ४० ला डावीकडच्याचा एक तुकडा उणे ४० वर असेल: ०.२५ च्या वेगाने, धापा टाकत, पण प्रवाहाविरुद्ध चढलेला. उजवीकडच्याचे दोन्ही तुकडे उजवीकडेच गेलेले, एक ४० वर आणि दुसरा ८० वर. आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्यावर वेळ घेऊन रंगीत चित्र काढा. फरशीवरचा खडा तुमच्या पडद्यावर दिसेल.

तापमानाचा अंदाजही इथेच काढा. क्षितिजापाशी ध्वनिवेग आणि प्रवाहवेग यांतला फरक किती तीव्रतेने बदलतो, ती संख्या भागिले दोन पाय. आपल्या रुंदीला उतार ०.१२५, तापमान ०.०२. खऱ्या पोलॅरिटॉनसाठी हा उतार पिकोसेकंदाला ०.१ धरला, तर तापमान येतं ०.१२ केल्विन. आकाशातल्या कृष्णविवराच्या वीस लाख पट!

पाचवी पायरी: निर्वाताचा आवाज

आतापर्यंत सगळं अभिजात होतं. हॉकिंग प्रक्रियेला बीज लागतं, आणि ते बीज म्हणजे निर्वातातली क्वांटम चळवळ. ती संगणकात आणायची पद्धत सरळ आहे: प्रत्येक तरंगांकाला अर्ध्या कणाएवढा यादृच्छिक आवाज द्या, अनेक फेऱ्या चालवा आणि सरासरी घ्या.

प्रत्येक तरंगांकासाठी गाउसी वितरणातून दोन संख्या उचला, वास्तव आणि काल्पनिक भागांसाठी, प्रत्येकीचं प्रचरण (व्हेरियन्स) एक चतुर्थांश. शून्य तरंगांक सोडून द्या. मग मुक्त ऊर्जा म्हणजे तरंगांकाचा अर्धा वर्ग घ्या, आणि ती व तिसऱ्या पायरीतली वारंवारता यांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ काढा. ही झाली दोन गुणकांची बेरीज. तिचा व्यस्त म्हणजे त्यांची वजाबाकी. त्यावरून पहिला गुणक धन, दुसरा ऋण येतो. पहिल्या गुणकाला ती यादृच्छिक संख्या आणि पुढे जाणारी लहर यांनी गुणा, दुसऱ्याला तिची संयुग्मी संख्या आणि उलट लहर यांनी. सगळ्यांची बेरीज करून २०२ ने भागा आणि सपाट द्रवाच्या १ मध्ये मिळवा. २०२ हे लांबीच्या एककाला १०० कण धरून आलेल्या एकूण कणसंख्येचं वर्गमूळ आहे. शेवटी प्रवाहाच्या कलेने गुणायला विसरू नका. सुरुवातीला सगळीकडे जोर १ ठेवा, आणि पहिल्या १० वेळेत क्षितिज हळूहळू उभारा.

वेळ १०० ला उणे ४० ते अधिक ४० एवढ्याच पट्ट्यातली घनता घ्या, म्हणजे ४०० बिंदू. तरंगांक १.५ च्या वरच्या लहरी गाळून टाका. तो कोलाहल आपल्या कामाचा नाही. मग प्रत्येक दोन बिंदूंच्या घनतेतला सहसंबंध काढा.

काय शोधायचं ते आधीच माहीत आहे. बाहेर पळणारी लहर डावीकडे ०.२५ ने जाते, तिचा जोडीदार उजवीकडे ०.२५ ने. दोघं एकाच क्षणी क्षितिजावर जन्मलेले, म्हणून उणे १० वरची घनता अधिक १० वरच्या घनतेशी बांधलेली असायला हवी, उणे २० वरची अधिक २० वरच्या. चौरस चित्रात शून्यातून निघणारी तिरकी रेघ दिसेल, उणे २५ आणि अधिक २५ च्या आसपास संपणारी, आणि सहसंबंध ऋण: इकडे उंचवटा तर तिकडे खड्डा.

ही रेघ फिकी असते. शंभर फेऱ्यांत काही दिसणार नाही, निराश होऊ नका. गोंगाट फेऱ्यांच्या वर्गमुळाने कमी होतो. निम्मा करायचा तर चौपट फेऱ्या. दहा हजारांची तयारी ठेवा. एका फेरीत १०,००० पायऱ्या येतात, साध्या लॅपटॉपवर एका फेरीला ४ सेकंद धरले तर एकूण ११ तास. म्हणजे एक रात्र. प्रत्येक फेरीची फाइल ठेवू नका. फक्त घनतेची बेरीज आणि ४०० गुणिले ४०० ची गुणाकारांची बेरीज ठेवा, आणि दर शंभर फेऱ्यांनी ती डिस्कवर लिहा. आपल्याकडे रात्री दोनला वीज जाते आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी पंधरा मिनिटंही धरत नाही. माझ्या साडेसहा हजार फेऱ्या अशाच गेल्या आहेत. मे महिन्यात जळगावची दुपार ४४-४५ अंशांवर असते, तेव्हा यंत्र तापून स्वतःच मंद होतं. रात्रीच लावा, खाली दोन विटा ठेवून हवा खेळती ठेवा.

रेघ दिसली की लगेच कुणाला पाठवू नका. आधी उजवीकडचा ध्वनिवेग ०.५ ऐवजी ०.८५ करून तेवढ्याच फेऱ्या पुन्हा चालवा. आता प्रवाह कुठेच ध्वनीहून वेगवान नाही, क्षितिज नाही. ती रेघ नाहीशी व्हायलाच हवी. झाली नाही, तर चूक तुमच्या जाळीत आहे. मग रुंदी २ ची ४ करा: तापमान निम्मं होतं, रेघ आणखी फिकी पडते, पण तिचा तिरकेपणा तोच राहतो, कारण तो दोन्हीकडच्या वेगांवरून ठरतो.

यातून काय सिद्ध होतं, याबद्दल विद्यार्थ्यांशी स्वच्छ बोलायला हवं. इथे अवकाशकाळाची वक्रता आपण हाताने घातली. ती आइन्स्टाइनच्या समीकरणांतून आलेली नाही. वक्रतेवर क्षेत्र कसं वागतं हे हा द्रव सांगतो, वक्रता स्वतः कशी बदलते हे सांगत नाही. मला एवढंही पुष्कळ वाटतं.

सहावी पायरी, जमेल तेव्हा

खऱ्या पोलॅरिटॉनकडे जायचं तर समीकरणात दोन पदं वाढवा: एक मरणाचं, जे तरंगफलाला सतत थोडं कमी करतं, आणि एक लेसरच्या पुरवठ्याचं, ज्याची कला तुम्ही ठरवता. मग वेग लेसर ठरवतो, आणि टोकाचं श्वेतविवर घालवायला तिथला पुरवठा बंद करून मरण वाढवलं की पुरतं. आवाजही आता सुरुवातीला एकदा द्यायचा नाही, मरणाच्या दराने प्रत्येक पायरीला द्यायचा. दोन मितींत गेलात तर भोवऱ्याभोवती फिरणारा प्रवाह घेता येतो, म्हणजे फिरतं कृष्णविवर. नॉटिंगहॅमच्या गटाने २०१७ मध्ये पाण्याच्या भोवऱ्यावरून परतणारी लाट आली तेव्हापेक्षा मोठी होते, हे दाखवलं ते याच रचनेत. त्यासाठी ५१२ गुणिले ५१२ ची जाळी घ्या, आधी आवाज न घालता एकच फेरी चालवा, आणि भोवऱ्याजवळ पुन्हा तेच करा: एक उंचवटा टाका, त्याचे तुकडे कुठे पोहोचले ते मोजा.